औषधाला पत्ता कोण सांगतं?

दोस्तांनो, डोकं दुखायला लागलं की आपण गोळी घेतो. गोळी जाते पोटात. तिथून ती रक्तात उतरते आणि रक्त तर केसांच्या मुळांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे खेळत असतं. मग त्या गोळीला कसं कळतं, की आपल्याला डोक्याकडे जायचं आहे?

खरं सांगायचं तर तिला काहीच कळत नाही. औषधाच्या रेणूला डोळे नसतात, मेंदू नसतो आणि पत्ता विचारायला तोंडही नसतं. तो रक्ताबरोबर मिळेल तिथे जातो. तरीही काही औषधं शरीरातल्या एखाद्या ठिकाणी जोरात काम करतात आणि बाकीच्या ठिकाणी जवळजवळ गप्प राहतात. हे कसं घडतं?

या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर ड जीवनसत्त्वाच्या गोष्टीत दडलेलं आहे. ही गोष्ट उन्हात सुरू होते, यकृत आणि मूत्रपिंडांतून पुढे जाते आणि मग जपान, डेन्मार्क, अमेरिका अशा देशांतल्या प्रयोगशाळांत पोचते. चला तर मग!

दिवा एका हातावर, गुण दोन्ही हातांना

शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं बर्लिन शहर. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मुलांना पोटभर खायला नव्हतं, हिवाळ्यात ऊन दिसत नव्हतं, आणि खूप मुलांना मुडदूस झाला होता. मुडदुसात वाढीच्या वयातली हाडं मऊ राहतात. त्यामुळे पाय बाहेरच्या बाजूला वाकतात, मनगटं जाड दिसतात आणि मूल उशिरा चालायला लागतं.

कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी अशा काही मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यासमोर बसवायला सुरुवात केली. या दिव्यातून जंबुपार किरण निघतात, म्हणजे उन्हातले जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत तेच. काही आठवड्यांनी क्ष-किरणांनी हाडांची चित्रं काढली तेव्हा मऊ हाडांत कॅल्शियम भरायला लागलेलं दिसलं. हे काम १९१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण त्यांच्या प्रयोगातली सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. एका मुलाच्या एकाच हातावर त्यांनी दिव्याचा प्रकाश पाडला. दुसऱ्या हाताला प्रकाश लागू दिला नाही. आता सांगा, कुठल्या हाताचं हाड सुधारलं असेल? दोन्ही हातांचं!

याचा अर्थ काय, जरा विचार करा. प्रकाश काही हाडाला बरं करत नव्हता. प्रकाशामुळे त्वचेत काहीतरी तयार होत होतं, ते रक्तात उतरत होतं आणि शरीरभर जात होतं. दुसऱ्या हातापर्यंत ते रक्तातूनच पोचलं होतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस बरा करत होते. या तेलातल्या गुणकारी पदार्थाला १९२२ मध्ये अमेरिकेतल्या एल्मर मॅकॉलम यांनी ड जीवनसत्त्व असं नाव दिलं.

त्वचा, यकृत, मूत्रपिंड

आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक रेणू असतो. त्यात कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात. उन्हातला यूव्हीबी नावाचा जंबुपार किरण त्यावर पडला की त्यातलं एक कडं उघडतं. मग शरीराच्या ऊबेने तो रेणू हळूहळू वळतो आणि ड जीवनसत्त्व तयार होतं. तुम्ही मैदानात खेळत असता तेव्हा हे काम तुमच्या त्वचेत चालूच असतं.

गंमत अशी, की कितीही वेळ उन्हात राहिलं तरी उन्हामुळे ड जीवनसत्त्व बेसुमार वाढत नाही. जास्त ऊन लागलं की तेच किरण तयार झालेल्या रेणूंचं रूपांतर निरुपयोगी रेणूंमध्ये करून टाकतात. औषधाच्या गोळीला मात्र असा आवर नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्वचेतून निघालेलं ड जीवनसत्त्व अजून अर्धवटच असतं. ते यकृतात जातं, तिथे त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी चिकटते. मग ते मूत्रपिंडात जातं, तिथे आणखी एक जोडी चिकटते. हे शेवटचं काम मूत्रपिंडात होतं, हे १९७० मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड फ्रेझर आणि एगॉन कोडिचेक यांनी दाखवलं. आता तयार झाला खरा कामाचा रेणू. त्याचं नाव कॅल्सिट्रिऑल. त्यात २७ कार्बन, ४४ हायड्रोजन आणि ३ ऑक्सिजन असे एकूण ७४ अणू असतात.

एवढ्या महत्त्वाच्या रेणूचं रक्तातलं प्रमाण किती असेल? एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण २० ते ६० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग! इतक्या कमी प्रमाणात राहून शरीरभर संदेश पोचवणाऱ्या पदार्थाला संप्रेरक म्हणतात. म्हणजे नाव जीवनसत्त्वाचं असलं, तरी शेवटी तयार होतं ते संप्रेरक.

पेशीच्या आत काय होतं?

कॅल्सिट्रिऑल पेशीत शिरलं की त्याला एक प्रथिन भेटतं. त्याचं नाव ड जीवनसत्त्वाचा ग्राही. ४२७ अमिनो आम्लं जोडून हे प्रथिन बनलेलं असतं. त्याच्या मधोमध एक खळगा असतो आणि त्या खळग्यात कॅल्सिट्रिऑल नीट मावतं. ते आत बसलं, की प्रथिनाचा एक टोकाचा भाग वळून खळग्यावर येतो आणि खळगा बंद होतो. बंद झालेला ग्राही दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवतो, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसते. तिथे काही जनुकं चालू होतात, तर काही बंद होतात.

कोणती जनुकं, हे मात्र पेशीवर अवलंबून असतं. आतड्याच्या पेशीत अन्नातलं कॅल्शियम आत खेचणारी प्रथिनं तयार व्हायला लागतात. त्वचेच्या पेशीत भराभर दुभागण्याला लगाम बसतो आणि पेशी नीट पिकायला लागतात. मानेतल्या परावटू ग्रंथींत एका दुसऱ्या संप्रेरकाचं उत्पादन कमी होतं. लढाऊ पांढऱ्या पेशींत जंतू मारणारं एक प्रथिन तयार होतं. रेणू तोच आणि ग्राहीही तोच, पण प्रत्येक ठिकाणी काम निराळं.

आता खरी अडचण ओळखू येते का बघा. समजा, डॉक्टरांना फक्त त्वचेतलं काम हवं आहे. त्यांनी कॅल्सिट्रिऑल दिलं, तर ते आतड्यातही जाणार आणि तिथे कॅल्शियम खेचायला लागणार. एक काम हवं असताना दहा कामं सुरू होणार!

जपानमधल्या दोन बातम्या

१९८१ मध्ये जपानमधल्या एत्सुको आबे, तात्सुओ सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांना कॅल्सिट्रिऑल दिलं. या पेशींचा दोष असा, की त्या मोठ्या होतच नाहीत, नुसत्या दुभागत राहतात. पण कॅल्सिट्रिऑल मिळाल्यावर त्या पिकल्या आणि साध्या, कामाच्या पेशींसारख्या वागायला लागल्या. हाडांसाठी ओळखलं जाणारं ड जीवनसत्त्व पेशींच्या वाढीलाही वळण लावू शकतं, हे सगळ्यांसाठी मोठं नवल होतं.

मग १९८५ मध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी आणखी एक नवल कळवलं. हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ते ड जीवनसत्त्वासारखं एक औषध देत होते. त्या रुग्णाला सोरायसिसही होता. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी फार घाईने तयार होतात. एरवी त्वचेची पेशी खालच्या थरातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. मग कच्च्या पेशींचे थर साचतात, लाल चट्टे उठतात आणि त्यांवर रुपेरी पापुद्रे दिसतात. औषध दिलं होतं हाडांसाठी, पण या रुग्णाची त्वचा चांगलीच सुधारली.

मग सगळ्या सोरायसिसच्या रुग्णांना भरपूर कॅल्सिट्रिऑल का देत नाहीत? कारण कॅल्शियम. आपल्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि शरीर ते फार काटेकोरपणे सांभाळतं. ते वाढलं की तहान तहान होते, उलट्या होतात, थकवा येतो, मुतखडे होतात आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात. फारच वाढलं तर हृदयाचे ठोकेही चुकायला लागतात.

याचा एक जिवंत पुरावा आर्जेन्टिनातल्या पाणथळ कुरणांत बघायला मिळतो. तिथे वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं एक झुडूप उगवतं. त्याच्या पानांत चक्क कॅल्सिट्रिऑल असतं, साखरेच्या रेणूंना जोडलेलं. गाईंनी ही पानं चरली की पोटात ते सुटं होतं आणि त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. ते रक्तवाहिन्यांत आणि फुप्फुसांत साचतं. गाई खंगतात, त्यांचे पाय आखडतात, उठणंसुद्धा कठीण होतं. रातराणीच्या नात्यातलं दिवसा फुलणारं एक झुडूप आपल्याकडच्या बागांतही लावतात. त्याच्या पानांतही असाच पदार्थ असतो. तेव्हा त्याची फुलं लांबूनच बघा, आणि गाई-शेळ्यांना त्याची पानं घालू नका.

शेपटीत थोडा बदल

आता रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांना हवा होता असा रेणू, जो ग्राहीच्या खळग्यात कॅल्सिट्रिऑलइतकाच छान बसेल, पण रक्तातलं कॅल्शियम फारसं वाढवणार नाही. मूळ रेणूत थोडासा फेरफार करून बनवलेल्या अशा रेणूंना अ‍ॅनालॉग म्हणतात. जगभर मिळून असे हजारो अ‍ॅनालॉग बनवले गेले. त्यांतले मोजकेच औषध म्हणून दुकानात पोचले.

फेरफार करायचा तरी कुठे? कॅल्सिट्रिऑलच्या रेणूला एका बाजूला कार्बनच्या अणूंची लांब साखळी असते. आपण तिला शेपूट म्हणू. काम संपल्यावर शरीर हा रेणू मोडून टाकतं, आणि मोडायची सुरुवात शेपटीपासूनच करतं. म्हणजे शेपूट बदलली, की रेणू किती वेळ टिकणार हेही बदलणार!

डेन्मार्कच्या लिओ कंपनीत मार्टिन कॅल्व्हर्ली यांनी बनवलेल्या एका अ‍ॅनालॉगची माहिती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचं नाव कॅल्सिपोट्रिऑल. त्याची शेपूट जवळून बघूया. तिच्यात दोन कार्बन अणूंमध्ये एक दुहेरी बंध घातला आहे. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आपल्या नेहमीच्या जागेवरून एक घर अलीकडे सरकवली आहे. आणि अगदी टोकाला तीन कार्बन अणूंचा इवलासा त्रिकोण बसवला आहे. बाकी रेणू जवळजवळ तसाच.

ग्राहीच्या खळग्यात हा रेणू कॅल्सिट्रिऑलइतकाच घट्ट बसतो. पण उंदरांना दिला, तेव्हा त्याची कॅल्शियम वाढवण्याची ताकद कॅल्सिट्रिऑलपेक्षा शंभर पटींहून कमी भरली. कशामुळे? रक्तात आलेला कॅल्सिपोट्रिऑल यकृतात पोचतो आणि यकृत त्याची ती नवी शेपूट काही मिनिटांतच बदलून त्याला निकामी करतं. आतड्यात आणि हाडांत जाऊन उद्योग करायला त्याला वेळच मिळत नाही.

मग तो त्वचेत कसं काम करतो? सोपं आहे. तो मलमातून थेट चट्ट्यावर लावतात. तिथल्या पेशींना तो भरपूर मिळतो, त्या पेशींचं घाईघाईने दुभागणं मंदावतं आणि पापुद्रे कमी होतात. थोडासा रक्तात उतरला, तर यकृत त्याचा निकाल लावतं. १९९० च्या दशकात हे मलम जगभर पोचलं. आपल्याकडेही त्वचेचे डॉक्टर ते लिहून देतात.

पण नीट ऐका. मोठ्या माणसाने हे मलम आठवड्याला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वापरायचं नसतं. अंगभर थापलं, तर यकृताच्या आवाक्याबाहेरचं औषध रक्तात उतरतं आणि मग कॅल्शियम वाढतंच.

रक्तातली एसटी

आता दुसरी युक्ती. ड जीवनसत्त्व आणि त्याचे भाईबंद तेलात विरघळणारे असतात. पाण्यासारख्या रक्तात त्यांना एकट्याने फिरता येत नाही. त्यांना वाहून न्यायला रक्तात एक वाहक प्रथिन असतं. या प्रथिनाला आपण एसटी समजू. एसटीत बसलेला प्रवासी लांबवर जातो, पण बसून असेपर्यंत कुणाच्या घरात शिरू शकत नाही. घरात जायचं तर खाली उतरावं लागतं. तसंच वाहक प्रथिनाला चिकटलेलं कॅल्सिट्रिऑल रक्तात टिकून राहतं, आणि सुटं झालेलंच पेशीत शिरतं.

जपानच्या चुगाई कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी कॅल्सिट्रिऑलच्या शेपटीतला एक कार्बन अणू काढला आणि तिथे ऑक्सिजनचा अणू बसवला. झालं, मॅक्साकॅल्सिटॉल तयार! एका अणूच्या बदलाने काय व्हावं? हा रेणू वाहक प्रथिनाला फारच सैल चिकटतो. म्हणजे या प्रवाशाला एसटीत जागाच मिळत नाही. तो चटकन पेशींमध्ये शिरतो आणि चटकन शरीराबाहेरही पडतो.

आता तो शिरतो सगळ्याच पेशींत. पण उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की परावटू ग्रंथींवर त्याचा थोड्या वेळाचा मुक्कामही बराच काळ परिणाम करून जातो. आतड्यातलं कॅल्शियम खेचण्याचं काम मात्र रेणू निघून गेला की लवकर थंडावतं. ग्रंथीला थोडा वेळ पुरतो, आतड्याला पुरत नाही. हा फरक रेणूने ठरवलेला नाही. तो त्या दोन प्रकारच्या पेशींच्या स्वभावातच आहे.

त्याच कंपनीने याच्या अगदी उलटही करून पाहिलं. एल्डेकॅल्सिटॉल नावाच्या अ‍ॅनालॉगमध्ये शेपटीला हातच लावला नाही. रेणूच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी फांदी जोडली. हा रेणू एसटीत असा घट्ट बसतो, की दोन दिवस उलटून गेले तरी साधारण निम्मा रक्तातच असतो. जपानमध्ये २०११ मध्ये हाडांच्या ठिसूळपणावर तो मंजूर झाला. हजाराहून जास्त रुग्णांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वासारखं एक जुनं औषध घेणाऱ्या गटात १७.५ टक्के लोकांच्या मणक्यांना नवे फ्रॅक्चर झाले. एल्डेकॅल्सिटॉलच्या गटात हे प्रमाण १३.४ टक्के होतं. पण या औषधानेही काही जणांचं कॅल्शियम वाढतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं.

तेवढेच अणू, निराळी मांडणी

आता मानेत डोकावूया. अवटू ग्रंथीच्या मागे बहुतेकांना चार परावटू ग्रंथी असतात. एकेकीचं वजन फक्त ३० ते ५० मिलिग्रॅम. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणवतात. कॅल्सिट्रिऑल या ग्रंथींना आवरतं.

आता एखाद्याची मूत्रपिंडं निकामी झाली तर? आपण पाहिलं, की कॅल्सिट्रिऑल मूत्रपिंडातच तयार होतं. मूत्रपिंड थकलं की ते कमी पडतं. परावटू ग्रंथींना आवरणारं कुणी उरत नाही. त्या फुगतात, भरमसाट पीटीएच सोडतात आणि हाडं झिजत जातात. डायलिसिसवर असलेल्या खूप रुग्णांना हा त्रास होतो. त्यांना कॅल्सिट्रिऑल दिलं तर पीटीएच कमी होतं, पण आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त शोषलं जातं, आणि ते रक्तवाहिन्यांत साचण्याची भीती असते.

यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये पॅरिकॅल्सिटॉल नावाचं औषध मंजूर झालं. याच्या अणूंची संख्या मोजलीत तर थक्क व्हाल. २७ कार्बन, ४४ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन. म्हणजे अगदी कॅल्सिट्रिऑलइतकेच! फक्त एका कड्याजवळचा एक कार्बन काढून टाकला आहे आणि शेपटीत एक कार्बन वाढवला आहे, एका दुहेरी बंधासह. हिशेब तोच, मांडणी वेगळी, आणि मांडणी बदलल्यामुळे वागणंही वेगळं.

किती वेगळं, ते गणिताने बघूया. मूत्रपिंडं बिघडलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत पॅरिकॅल्सिटॉलची पीटीएच कमी करण्याची ताकद कॅल्सिट्रिऑलच्या साधारण एक तृतीयांश होती. म्हणजे औषध कमजोर झालं का? थांबा. कॅल्शियम वाढवण्याची ताकद त्याहूनही घसरली होती, साधारण एक दशांशावर. आता मात्रा तिप्पट करा. पीटीएचवरचं काम ३ × १/३ = १, म्हणजे पूर्ण. कॅल्शियम वाढवणं ३ × १/१० = ३/१०. म्हणजे काम तेवढंच झालं, आणि त्रास दहातला तीनच!

शास्त्रज्ञ एखाद्या औषधाला निवडक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात हेच गुणोत्तर असतं. निवडक औषध एका जागी शंभर टक्के आणि दुसरीकडे शून्य असं कधीच नसतं. हव्या कामाचं आणि नको असलेल्या कामाचं प्रमाण आपल्या बाजूला झुकलेलं असतं, एवढंच. रुग्णांमध्ये हा फरक उंदरांइतका ठळक दिसत नाही, हेही माहीत असू द्या. म्हणून डॉक्टर प्रत्येकाचं रक्त तपासून मात्रा ठरवतात.

खळग्याचं छायाचित्र

शास्त्रज्ञांना बरीच वर्षं वाटत होतं, की प्रत्येक अ‍ॅनालॉग ग्राहीला वेगळा आकार देत असेल आणि वेगळ्या आकारामुळे वेगळी जनुकं चालू होत असतील. २००० मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे दिनो मोरास यांच्या गटाने या ग्राहीचे स्फटिक बनवले आणि त्यांवर क्ष-किरण टाकून खळग्याची रचना उलगडली. आत बसलेलं कॅल्सिट्रिऑल आणि वरून बंद झालेला तो भाग, दोन्ही स्पष्ट दिसले. पुढे त्याच गटाने काही ताकदवान अ‍ॅनालॉग आत बसवून पुन्हा पाहिलं. ग्राहीचा आकार जवळजवळ तोच होता! काही अ‍ॅनालॉग खळग्यात जास्त घट्ट आणि जास्त वेळ बसून राहत होते, हा फरक मात्र होता.

यातून पुन्हा तेच पुढे आलं. रेणू किती वेळ टिकतो, कशावर बसून फिरतो, कुठे मोडला जातो आणि कोणती पेशी त्याच्या छोट्या भेटीलाही दाद देते, या सगळ्यांतून निवड होते. निवड करणारा कुणी एक जण नाही. यकृत, वाहक प्रथिन, ग्राही आणि प्रत्येक अवयवाच्या पेशी मिळून ती घडवतात. रसायनशास्त्रज्ञ या सगळ्यांच्या सवयी नीट ओळखतो, आणि मग रेणूतला नेमका एखादा अणू बदलतो. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

आणि १९८१ च्या त्या कर्करोगाच्या पेशींचं काय? त्यांच्यासाठीही कितीतरी अ‍ॅनालॉग बनले. बशीतल्या पेशींवर ते छान चालले. रुग्णांना देऊन पाहिल्यावर मात्र अपेक्षेइतका गुण आला नाही, आणि मात्रा वाढवली की कॅल्शियम आडवं येत राहिलं. ही आशा अजून पुरी झालेली नाही. शोध चालू आहे.

आता तुमचं काम

हे सगळं वाचून झाल्यावर तीन गोष्टी नक्की करा.

पहिली, रोज बाहेर उन्हात खेळा. भारतात एवढं ऊन असूनही पुष्कळ मुलांच्या शरीरात ड जीवनसत्त्व कमी असतं, कारण दिवसाचा बराच वेळ आपण घरात आणि वर्गात बसून असतो.

दुसरी, ड जीवनसत्त्वाची गोळी, पावडर किंवा मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि मित्राचं औषध आपल्याला लावून बघू नका. घरात कुणी सोरायसिसचं हे मलम वापरत असेल, तर लावून झाल्यावर हात धुवायची आठवण करा, म्हणजे ते चेहऱ्याला किंवा दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात कुणी डायलिसिसवर असेल आणि अशी औषधं घेत असेल, तर त्यांना अधूनमधून रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलेलं असतं. पुन्हा पुन्हा सुई टोचून घ्यायला कुणाला आवडतं? पण ती तपासणी टळू देऊ नका. ती का करायची, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना नीट समजावून सांगा.